अकरा दिवसांचा पणजोबा

— म्हणजे हा तुमचा पणजोबा अकराव्या दिवशी वारला. मग तो अमेरिकेला गेला, नेब्रास्कात जमीन घेतली, दोन लग्नं केली, सात पोरं झाली आणि ब्याऐंशीव्या वर्षी झोपेत गेला — तुमच्या वंशावळीच्या तक्त्यात तसं लिहिलंय, मी नाही म्हणत. बसा, बसा, उठू नका. दर उन्हाळ्यात आमच्या या गावच्या दफ्तरखान्यात एक तरी येतो तुमच्यासारखा, अमेरिकेहून पूर्वज शोधत. गेल्या वर्षी मिनेसोटाची एक बाई आली होती, तिची आजी जन्मतःच गेलेली आणि नंतर शाळेत शिक्षिका. काही बिघडत नाही. कॉफी घ्या. पातळ आहे, पण गरम आहे.

चूक तुमची एकट्याची नाही हो, सगळे तीच करतात. डेन्मार्कला येता, चर्चच्या नोंदवहीत जन्माची पानं बघता, नाव सापडलं की टाळ्या पिटता आणि वही मिटता. लाउस्ट, बाप आनर्स, आई मारेन, तीन मार्च अठराशे अडुसष्ट — झालं! मेलेल्यांची पानं मागे असतात, तिकडे कोण जातो? मी जाते. हे बघा, चौदा मार्च. लाउस्ट, आनर्सचा मुलगा, वय अकरा दिवस. आता पुढे उलटा — नको, मीच उलटते, तुमच्या बोटांना लोणी आहे. अठराशे सत्तर, ऑक्टोबर. त्याच घरात मुलगा. नाव काय? लाउस्ट. दुसरं काय ठेवणार! मूल गेलं की पुढच्याला तेच नाव, अशीच रीत होती आमच्याकडे. आजोबांचं नाव घरात राहिलं पाहिजे, मग पोर राहो न राहो. तर हा दुसरा तुमचा. हाच बोटीत बसला. तुमचा पणजोबा अडीच वर्षांनी लहान झाला, एवढंच काय ते.

काय? जुलैत घराण्याचा मेळावा आहे? साठ माणसं? आणि टोप्यांवर तीन मार्च छापून घेतलंय — सगळ्या साठ टोप्यांवर? बरं. घालू द्या टोप्या. ऊन लागणार नाही.

अहो — हे काय करताय? रबर कशाला काढलंत? थांबा. थांबा म्हणते ना! तक्त्यातून पुसू नका त्याला! चुकीचा काय म्हणून? तुमचा नाही म्हणून चुकीचा झाला का? अकरा दिवस होता तो. वहीत इथं कडेला बारीक अक्षरात लिहिलंय बघा — बाप्तिस्मा घरीच, घाईनं. म्हणजे कुणी तरी मार्चातल्या चिखलातून धावत पाद्रीला आणायला गेलं असणार. आणि अडीच वर्षांत त्याचं नावसुद्धा काढून दुसऱ्याला देऊन टाकलं. एक ओळ उरली होती बिचाऱ्याची, तर तुम्ही समुद्र ओलांडून ती पुसायला आलात. — आवाज चढला का माझा? चढला असेल. घ्या, केक घ्या.

मला का लागलं? मला कुठं लागलंय. — मी दुसरी आहे. दुसरी वालबोर्ग. पहिली पंचेचाळीस साली घटसर्पानं गेली, दहा महिन्यांची. मी सत्तेचाळीसची. तोवर लोकांनी ही रीत जवळजवळ सोडली होती, माझ्या आईनं नाही सोडली. त्यामुळे चर्चच्या आवारात माझ्या नावाचा दगड माझ्या आधीपासून उभा आहे, शाळेच्या वाटेवरच. पोरं म्हणायची, वालबोर्ग, तू तर मेलीस ना, मग गणितं कशाला सोडवतेस? — तसा मुद्दा बरोबर होता त्यांचा. आणि आईनं हाक मारली की मी आधी जागच्या जागी थांबायचे. बघू या म्हटलं, कोणाला बोलावतेय. शेवटी ती वृद्धाश्रमात होती, मी रोज जायचे, न चुकता. एक दिवस विचारते, वालबोर्ग कशी आहे? म्हटलं, आई, मीच वालबोर्ग. नीट निरखून बघितलं माझ्याकडे आणि म्हणाली, "तू नव्हे गं." आता एक्क्याण्णव वर्षांच्या बाईवर काय रागवायचं? मी नाही रागावले. बारा वर्षं झाली, अजून नाही रागावले.

लाउस्टचं थडगं? कुठलं थडगं घेऊन बसलात! आमच्याकडे थडग्यांना मुदत असते. संपली की घरच्यांनी सही करून वाढवायची, नाही तर दगड उचलतात, जमीन सपाट करतात आणि वर गवत. आधी एक पाटी लावतात, नातेवाइकांनी कार्यालयात भेटावं म्हणून. पहिल्या वालबोर्गच्या दगडालाही लावली होती. आमचा व्हीगो, थडग्यांची निगा राखतो तो, कागद घेऊन घरीच आला. म्हणाला, वालबोर्ग, सही करतेस ना? मी म्हटलं, नाही. उचला. — हो, मीच म्हटलं! मग काय करणार? अठ्ठ्याहत्तर वर्षं एका नावात दोघी राहिलो. मरायच्या आधी थोडे दिवस ते मला एकटीला मिळू दे, एवढंच वाटलं. दहा महिन्यांच्या पोरीचा मत्सर, या वयात! हसा की. व्हीगोसुद्धा नाही हसला. नुसता टोपी काढून उभा राहिला दारात, मूर्ख माणूस. म्हणाला, तिला तुझ्याशिवाय कुणी नाही. मला माहीत नव्हतं का ते?

कधी उचलणार म्हणजे? आजच. जेवण झालं की ट्रॅक्टर घेऊन येतो म्हणालाय. पण सही आज बारापर्यंत चालते, बाराला कार्यालय बंद — किती वाजले तुमच्या घड्याळात?

उठा. नाही, कॉफी राहू द्या. मी कुठं चाललेय ते विचारू नका, आज इथलं काम बंद, पुढच्या गुरुवारी या. तो कोट द्या इकडे — तो नाही हो, तो तुमचा, माझा द्या! आणि असे बघत काय बसलात? उठा म्हणते ना, मला दार लावायचंय.