आठ वाजता अडकणारे हात

आम्ही मूळचे उज्जैनचे, म्हणजे माझ्या पणजोबांपासूनचे, त्याआधी कुठले ते वडिलांनाही नक्की ठाऊक नव्हतं, कोणी म्हणतं सातारा बाजूचे, पण जे नक्की नाही ते मी सांगत नाही, तेव्हा उज्जैनचे असंच लिहा. वडील सरकारी कचेरीत कारकून. आम्ही तीन भावंडं, विनूदादा थोरला, मग मी, मग कुंदा. दादा माझ्याहून साडेतीन वर्षांनी मोठा, आज मी चोपन्न पूर्ण, तो साडेसत्तावन्न. दादाला जन्मापासून ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही म्हणून बोलताही येत नाही. त्या काळी त्याच्यासाठी शाळा म्हणाल तर आमच्या आवाक्यात नव्हती. आकडे शिकला, इंच शिकला, सही शिकला, आणि पंधराव्या वर्षी शिंप्याच्या दुकानात बसला. आजही त्याच दुकानात आहे, म्हणजे होता, म्हणजे आहे, ते पुढे सांगतो.

घरात आमची एक हातांची भाषा होती. कोणी शिकवलेली नाही, आमची आम्हीच केलेली. नाकावर चिमूट धरली की आई, कारण चमकी. डोळ्यांभोवती दोन गोल केले की वडील. घंटा ओढली की उज्जैन, हाताने पाणी हलवलं की भोपाळ, तलावामुळे. कान ओढला की मी, माझे कान लहानपणी फार बाहेर होते, आता केसांत नाही तर वयात लपलेत. आईचा नियम असा होता की दिवा लावला की दादाने आणि मी समोरासमोर बसायचं आणि दिवस सांगायचा. दिवस सांगणं असंच त्याला म्हणायचे. आई म्हणायची, तुला सांगायला शाळेतली चाळीस पोरं आहेत, त्याला तू एकटा आहेस. मग मी माझा दिवस हातांनी सांगायचो, तो त्याचा सांगायचा, कोणाचं माप चुकलं, कोणती बाई ब्लाउज घेऊन भांडायला आली, तिचं भांडण तो असं करून दाखवायचा की वडीलसुद्धा पेपर खाली ठेवायचे.

विसाव्या वर्षी मी भोपाळला मोठ्या कारखान्यात ॲप्रेंटिस म्हणून लागलो, पुढे इन्स्पेक्शनमध्ये कायम झालो. माझं काम मोजायचं. दुसऱ्याने केलेला भाग घ्यायचा, तीन ठिकाणी मोजायचा, सरासरी काढायची, लिहायची, सही करायची. चौतीस वर्षं हेच. लग्न झालं, अलका ग्वाल्हेरची, तीही नोकरदार मराठी घरातलीच, बरखेड्याला क्वार्टर मिळालं, मुलगा झाला, तो आता पुण्याला असतो. दादाशी बोलणं मात्र तुटलं होतं बघा. उज्जैनला जाईन तेव्हाच. फोन घरोघर आले, पण आम्हाला फोनचं काय. आवाजाचा आम्हाला उपयोग नाही. मग चित्राचे फोन आले आणि काय सांगू तुम्हाला, पहिल्या दिवशी कुंदाच्या फोनमध्ये दादाने मला बघितलं, कान ओढला, आणि मी अलकाला म्हणालो, जरा बाहेर जा, मला रडायचंय.

दादा कुंदाकडेच राहतो, लग्न नाही केलं. कुंदा शाळेत शिकवते, तिचे मिस्टर समजूतदार. दादा दुकानातून साडेसातला सुटायचा, हातपाय धुऊन आठला फोनसमोर बसायचा, मी इकडे क्वार्टरमध्ये बसायचो, आणि दिवस सांगायचो. सहा वर्षं बरखेड्याच्या क्वार्टरमधून असं चाललं. इंटरनेटची लाइन चांगली होती. लाइन चांगली आहे हे तेव्हा मला माहीतसुद्धा नव्हतं, चांगली असते तेव्हा कोण बघतं.

मग आम्ही घर बांधलं आणि तिकडे राहायला गेलो. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावंच लागतं, म्हणून आधीच रायसेन रस्त्याच्या बाजूला, कारखान्यापासून चोवीस किलोमीटरवर एका गावात प्लॉट घेतला होता. तीन खोल्या पुरल्या असत्या, चौथी मी दादासाठी काढली, पूर्वेची, उजेड यावा म्हणून, मशीन ठेवायला ओटासुद्धा केला. दादा आला, नऊ दिवस राहिला, दहाव्या दिवशी घंटा ओढून दाखवली. इथे मला कोण ओळखतं, तिकडे दुकानापासून घरापर्यंत सगळ्या गल्ल्या पाठ आहेत, असं म्हणाला. खोली अजून तशीच आहे.

गावात पंचायतीच्या इमारतीपर्यंत मोठी तार आली होती, तिथून एका डब्यातून आम्हा अकरा घरांना लाइन दिलेली. चाळीसची लाइन म्हणून दिली, म्हणजे वेग चाळीस एमबीचा. पहाटे साडेपाचला मी फोनमधल्या वेगाच्या मीटरवर मोजली, अडतीस. खूश झालो. संध्याकाळी आठला मोजली, एक पूर्णांक चार. मला वाटलं माझंच काही चुकलं, तीनदा मोजली, सरासरी एक पूर्णांक तीन. कारण सरळ आहे. सातला सगळे घरी येतात, एका घरी मॅच, एका घरी मालिका, शेजारच्या मीणाजींची मुलगी डॉक्टरकीच्या परीक्षेला बसते, एम. पी. नगरच्या कोचिंगचा तिचा क्लास फोनवर सात ते नऊ. सगळ्यांची तहान एकाच वेळेची.

लोक म्हणायचे, चित्र अडकलं तर अडकू द्या, आवाज तर येतो ना. दादाचा हात वर जायचा आणि तिथेच थांबायचा. नाकाशी गेलेला हात, म्हणजे आईचं काहीतरी सांगतोय, पण काय ते कळायच्या आत चित्र पुढे उडी मारायचं आणि तो हसत असायचा, गोष्ट संपलेली असायची. मी हसल्यासारखं करायचो. त्याला कळायचं. मोबाइलच्या नेटवर्कची तर गच्चीवर एक काडी यायची, तीही आठला जायची. मुलगा म्हणाला, बाबा, व्हिडिओ काढून पाठवा. पाठवला. कुंदाने सांगितलं, दादा त्या व्हिडिओला मधेच उत्तर देत होता, मग तू काय म्हणतोस म्हणून थांबून राहिला, आणि तू आपला पुढचंच सांगत सुटलास, तेव्हा उठून गेला. पुन्हा नाही पाठवला.

आणि नेमकं त्याच वर्षी डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. उजवा डोळा गेलेलाच होता, कोणालाच कळलं नव्हतं, त्यालाही नाही, कारण डावा सांभाळून घेत होता. डावाही कडेकडेने मिटत चाललेला, नळीतून बघावं तसं. डॉक्टर म्हणाले, थेंब घालत राहा, वर्ष जाईल, दोन जातील, सांगता येत नाही. रात्री लाइन अकराशिवाय मोकळी व्हायची नाही, तोवर दादा झोपलेला असायचा. मी पहाटेची वेळ करून बघितली, तेव्हा लाइन मोकळी असते, पण सकाळचे थेंब घातले की त्याला तासभर धूसर दिसायचं, आणि साडेसहाला कुंदा शाळेला निघायची, फोन तिच्याबरोबर. रविवारी दुपारी लाइन बरी असायची, आणि एक रविवार आड मी स्वतः जायचो, बसने साडेचार तास. पण दिवस रोजचा असतो हो. आठवड्याचा दिवस रविवारी सांगता येत नाही. मंगळवारचं भांडण रविवारी शिळं होतं.

मीणाजींकडे गेलो. म्हटलं, आठ ते साडेआठ मॅच बंद ठेवाल का, भावाशी बोलायचंय. मीणाजी चांगला माणूस, अर्धा तास बंद ठेवायचा, पण टोमणा मारल्याशिवाय नाही. आ गए इन्स्पेक्टर साहब, आज मेरा कितना निकला? मुलीचा क्लास मात्र मी कसा बंद करायला सांगू? तिने स्वतः येऊन विचारलं, अंकल, मी चित्र बंद करून नुसता आवाज ऐकू का? मी म्हटलं, नाही बेटा, तुझं तू बघून शिक.

लाइनच्या ऑफिसात तक्रारी केल्या, सात. तिथला माणूस म्हणाला, एक घर का रीडिंग नहीं चलेगा, सबूत लाइए. सबूत म्हटल्यावर माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. मी फॉर्म तयार केला. अकरा घरं, चौदा दिवस, रोज संध्याकाळी आठ, आठ-पाच आणि आठ-दहा, तीन रीडिंग, सरासरी, सही. घरोघरी जाऊन शिकवलं. लोकांनी मनापासून केलं, एका म्हाताऱ्या बाईंनी तर घड्याळ माझ्या घड्याळाशी जुळवून घेतलं. अलका म्हणाली, अहो, आणि त्या वेळात भावजींशी बोलणं? घरोघरच्या सह्या घेऊन परतायला मला नऊ वाजणार होते, तेव्हा मी हिशेब केला. डॉक्टर कमीत कमी वर्ष म्हणाले, तीनशे पासष्ट दिवस, त्यातले चौदा, म्हणजे चार टक्क्यांहून कमी. चार टक्के आमच्याकडे कारखान्यात चालतात. कुंदाला आवाजावर सांगितलं, दादाला सांग, चौदा दिवस थांब, मग रोज नीट दिसेन. त्याने छातीवर हात ठेवला म्हणे, म्हणजे बरं, ठीक आहे.

त्या चौदा दिवसांत आकडे इतके खाली गेले की मलाच आनंद व्हायचा. शून्य पूर्णांक सहा. शून्य पूर्णांक चार. बाराव्या दिवशी शून्य. म्हटलं, आता कुठे जातील. पंधराव्या दिवशी लाइनमन आला, ठाकूरजी, पन्नाशीचा माणूस, शिडी भिंतीला लावून त्याने कागद बघितले आणि हसायला लागला. बाबूजी, ये मीटर नापता कैसे है पता है? जितनी लाइन मिले सब खींच के देखता है. ग्यारह घर एक टाइम पे खींचोगे तो लाइन बैठेगी ही. आपने तो खुद ही जाम लगा दिया. मीणाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसलो. घरी येऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की आजवर मी मोजल्याने लोखंड कधी लहान झालं नव्हतं. म्हणून हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्यानंतर अकरा दिवसांनी कुंदाचा फोन आला. दादाने एका शर्टाच्या बाह्या उलट्या जोडल्या होत्या, मालकाने खांद्यावर हात ठेवला तर तो दचकला, समोर उभा असलेला माणूस त्याला दिसला नव्हता. मी रजा टाकून गेलो. डॉक्टरांनी डाव्याचंही सांगितलं. मी समोर बसून हात हलवले, त्याने हवेत चाचपून माझे हात धरले, मग तोंडावरून हात फिरवला आणि कान ओढला. त्या दिवशी आम्ही हातांत हात धरून दिवस सांगितला. मी जो आकार करीन त्यावर त्याचा हात. सावकाश होतं, पण होतं.

माझी वही आहे. डॉक्टरांनी वर्ष म्हटलं त्या दिवसापासून डोळा जाईपर्यंत एकशे बावीस दिवस झाले. त्यातल्या एकोणीस संध्याकाळी चित्र पुरता दिवस सांगण्याइतकं चाललं. चौदा संध्याकाळी शून्य, त्या माझ्या सहीच्या. त्या चौदांत काही लाइन उत्तम चालली असती असं नाही, नेहमीच्या हिशेबाने दोन, फार तर तीन चालल्या असत्या. पण त्या दोन-तीन मला रोज आठवतात. त्यांत तो काय सांगणार होता ते कुंदाला विचारलं. ती म्हणाली, रोज हात धुऊन बसायचा, मग मी नाही म्हणायचे, मग उठायचा.

आता गंमत ऐका. ते कागद वाया गेले नाहीत. ठाकूरजींनी हसत हसत पुढे पाठवले, वरच्या साहेबाने बघितलं की अकरा घरं एकदम वापरतात तेव्हा डबा पुरत नाही, आणि नवीन डबा बसवला. दादाचा डोळा जाऊन सहा आठवडे झाले होते. आता आठला बावीस येतात, कधी चोवीस. मीणाजींची मुलगी क्लासचा फळा स्वच्छ वाचते, तिचं होवो, मनापासून म्हणतो, एक डॉक्टर आपल्या ओळखीची असलेली बरी. मीणाजी आता टोमणा मारत नाहीत. त्याचं वाईट वाटतं.

दादा दुकानात जातो अजून. मालकाने काढलं नाही, बटणं लावतो, काजं करतो, बोटांना सगळं पाठ आहे. मी पुन्हा म्हटलं, इकडे ये. नको म्हणाला. चार वर्षांनी मी निवृत्त होईन, तेव्हा मी तिकडे जाऊ की तो इकडे येईल, ते ठरलेलं नाही. आम्ही आठला बसतो. मी सांगतो, कुंदा ते त्याच्या तळहातावर करते, तो उत्तर देतो. अलका म्हणते, अहो, कुंदाला तोंडाने सांगा की, हात कशाला हलवता, त्यांना दिसतं का. मी म्हणतो, दादाशी मला तोंडाने बोलताच येत नाही.

फोन कुठे ठेवलाय ते त्याला कळत नाही, कधी भिंतीकडे तोंड करून सगळा दिवस सांगतो, मग कुंदा त्याला खांद्याला धरून वळवते. चित्र असं येतं म्हणून सांगू, बोटाला सुई टोचलेली दिसते, नखाखालचा दोरा दिसतो, एकही हात मधे अडकत नाही. काल बोलता बोलता थांबला आणि कुंदाला त्याने काहीतरी विचारलं. कुंदा म्हणाली, दादा विचारतोय, दिसतोय का मी नीट? मी म्हटलं, सांग त्याला, अगदी स्वच्छ दिसतोयस.