अर्धं रक्त

दिल्लीत कोर्टाबाहेर सरोजिनी नगरच्या बसच्या रांगेत माझ्या मागे मराठी ऐकू आलं. साठीच्या पुढचे नवरा-बायको होते.

“अहो, जजसाहेब इंग्रजीत काय बोलले?”

“परवानगी दिली. आपल्या जयेशच्या घरमालकाच्या सदऱ्यावर मारेकऱ्याच्या रक्ताचा डाग होता ना, त्या कापडाचा उरलेला तुकडा आता आपल्या वकिलालाही मिळणार. ती नवी डीएनए तपासणी आपल्याला करून घेता येईल.”

“पण पोलिसांनी तपासलं होतं की.”

“त्यांनी नुसता रक्तगट बघितला. बी निघाला, जयेशचाही बी. झालं, उचललं त्याला.”

“माझाच गट तो. जयेश झाला तेव्हा वॉर्डभर सांगत सुटले होते, रक्त आईवर गेलंय म्हणून. त्यापायीच पोर आत बसलंय.”

“अगं कुसुम, बी गटाचे दिल्लीत लाखो असतील.”

“आणि हे डीएनए? तेही माझंच?”

“अर्धं आईचं, अर्धं बापाचं.”

“आपण तपासणी मागितली म्हणून त्याला वाटेल, आईबाबांनाच शंका आहे.”

“त्यानंच मागितली. जाळीपलीकडून म्हणाला, बाबा, जरूर करा.”

“आणि जुळलं तर?”

“जुळलं तर अर्धं माझं. एकटीवर नाही येऊ देणार. चल, बस आली, हात धर.”