आपल्याच उसाचं

डर्बनच्या उत्तरेला, ऊसपट्ट्यातल्या दवाखान्यात, मधुमेहाच्या रांगेत बसलेल्या ह्लेंगिवेला पुढच्या बाकावरचं बोलणं नको असतानाही ऐकू येत होतं. तिथे बसलेल्या झोद्वाचा डावा पाय घोट्यापासून कापलेला होता. तिचा थोरला भाऊ भेकानी तिला घेऊन आला होता.

“दादा, साखर उतरलीय माझी. उजवा पाय वाचेल म्हणाल्या सिस्टर.”

“वाचू दे. पण गोड पेयांवर कर लागला आणि आमचा कारखाना बंद पडला. बावीस वर्षं ऊस तोडला मी. आता कोयता गंजतोय.”

“ते पेय महागलं, म्हणून तर सुटलं माझं.”

“म्हणजे कर लावला ते बरं झालं? माझ्या तोंडावर सांगतेस?”

“पाय गेलाय माझा, दादा.”

“आणि माझी चूल विझलीय!”

“ओरडू नकोस. मी रोज दोन लिटर प्यायचे, तेव्हा तू काय म्हणायचास?”

भेकानी तिच्या कापलेल्या पायाकडे पाहू लागला.

“सांग ना.”

“म्हणायचो... पी गं, आपल्याच उसाचं आहे.”

सिस्टरनं झोद्वाचं नाव पुकारलं. भेकानी उठला आणि तिच्याकडे पाठ करून खाली वाकला.

“बस पाठीवर. उजव्या पायावर भार नको देऊस.”