आईने सोडलेला बांगडा

अरे, मस्कतला शाळेत शिकवायला लागलो ना, तेव्हा दिवसभर पोरांवर ओरडून संध्याकाळी आईशी बोलायचा कंटाळा यायचा. एकदा गंमत म्हणून आवाज घोगरा करून फोनवर सांगितलं, "आई, घसा गेलाय. डॉक्टर बोलू नको म्हणतात." मग वर्षभर नुसते मेसेज.

सुट्टीत रत्नागिरीला आलो. आईने मला तळलेला बांगडा वाढला, स्वतः डाळभात घेतला.

"तू नाय घेत?"

"देवाला बोललेय. तुझा घसा बरा होईपर्यंत मासे सोडलेत."

"अगो, आता बोलतोय ना मी!"

"डॉक्टर बरा म्हणाला काय?"

"डॉक्टरकडे गेलोच नव्हतो. घसा बसलाच नव्हता."

आईने माझ्या ताटातला बांगडा उचलून आपल्या ताटात घेतला. नंतर दोन दिवस स्वयंपाकघरातून मेसेज करायची, "जेवायला ये."