निळं ब्रेक ऑइल

टॅम्पिनीसच्या बसस्टॉपवर माझ्यापुढे एक मराठी जोडपं भांडत होतं.

"निळं ब्रेक ऑइल बंद! रंग पिवळसरच हवा म्हणे. नियम अमेरिकेचा, भोगायचं आपण सिंगापुरात!"

"मग पिवळं घाल की, अनिमेष."

"अगं विनीता, आत जुनं पिवळंच आहे! नवं निळं असलं, की नळीतून निळं येईपर्यंत जुनं काढत राहायचं. आता जुनं संपलं हे कळणार कसं? मूर्ख लेकाचे!"

"गॅरेजवाल्याकडे दे."

"माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात नको. काल मीच बदललं, अंदाजाने."

"अंदाजाने? आणि आज गार्गीला त्याच गाडीतून शाळेत सोडलंस?"

"हळूच चालवली गं."

"गाडीची किल्ली दे."

"विनीता, लोक बघतायत."

"बघू देत. किल्ली दे आधी."