आबांच्या गाडीचा उघडा फिल्टर

लेका, खरं भ्यालो ते एकदाच.

आमच्या आबांच्या गाडीला मी त्यांना न विचारता उघडा एअर फिल्टर, म्हणजे इंजिनाचं हवा वढायचं नाकच, बसवून घेतलता. वाघ गुरगुरल्यागत आवाज! खंडेनवमीला गाडी पुजून आम्ही दोघं गगनबावड्यावरनं खाली कोकणात निघालो. घाटाच्या उतारावर इंजिनाला धाप लागली आणि ते बंदच पडलं. इंजिन बंद, तसा ब्रेकबी दगडागत कडक झाला, दाबला तरी दबंना. दरी समोर. हँडब्रेक ओढून कशीबशी कठड्याला गाडी थांबवली.

बॉनेट उघडलं, तर फिल्टरला झेंडूचा हार चिकटून बसलेला, हवाच कोंडलेली!

"आबा, ह्यात हार कुणी घातला?"

"मी. नवीन वस्तू दिसली, तू तर कायच बोलला न्हाईस. म्हटलं, पूजा तरी करावी की."

आबा ओरडले न्हाईत. दरीपेक्षा त्याचंच भ्या वाटलं.