लहान गाडीचं वजन

लहान गाडी म्हंजी हलकी, असं माझ्यासमोर म्हणू नका. मोबाईल नवे नवे आले व्हते, तवाची गोष्ट. वारंगा फाट्यावर एक लाल, बसकी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार नालीत उतरली. आमच्याकडं अशा वक्ताला क्रेन कोण बोलावतंय? चहाचा कप ठेवायचा आन् गाडीला खांदा लावायचा. सहाजण भिडलो, पण गाडी जागची हलंना.

"एवढीशी गाडी, इतकी जड काहून हो?" सोपानकाकांनी विचारलं.

गाडीवाला पुण्याचा, तरणा पोरगा. म्हणाला, "काका, नव्या गाड्या अशाच असतात. दारात पोलादी दांडे, पुढं एअरबॅग, सगळा सांगाडा जाड. धडक बसली तरी आतला माणूस वाचावा, त्याचंच हे वजन."

"तुला काई लागलं का बाबा?"

"नाही हो. साधं खरचटलंसुद्धा नाही."

काका दारावर हात ठेवून नुसते उभे राह्यले. मी म्हणलं, "काका, लावा जोर."

"लावतो," काका म्हणले. "माझा संतोष ज्या गाडीत गेला, ती आपुन दोघांनीच उचलली व्हती ना रे?"